सागानं धरून ठेवलेला ट्रक

आलापल्लीच्या चौकातून भामरागडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टिनाच्या पत्र्यांचं एक कुंपण लागतं. आत सायकलींच्या फ्रेमी, ट्रॅक्टरचे फुटके नांगर, पंपांची पोटं, कुलरच्या जाळ्या. हे शकुबाई दुर्गेचं भंगार. पासष्टीला आलेली, बारीक अंगाची, कपाळावर चष्मा सरकवून बसणारी ही बाई चाळीस वर्षांपासून लोखंड घेते आणि विकते. शाळेत चौथीपर्यंत गेली. इंग्रजी अक्षर ओळखत नाही. पण हातात धातू दिला की तो कोणता, कुठल्या यंत्रातला, किती वापरलेला, हे ती सांगते. तांबं तळहातावर चोळून वास घेते. ओतीव बिडावर हातोडी टेकवली की आवाज जागीच मरतो, पोलादाचा लांबत जातो, आणि काशाचा तर कान सोडायला तयार होत नाही, असं तिचं म्हणणं. गावातले गॅरेजवाले चुंबक घेऊन बसतात. शकुबाई नुसती ठोकून बघते आणि पोत्याच्या ढिगाकडे बोट दाखवते. चुकलेली कोणाला आठवत नाही.

म्हणून त्या दिवशी तिनं ढिगाकडे बोट दाखवलं नाही, तेव्हा बघणाऱ्यांना नवल वाटलं.

कोलू पुंगाटी नावाचा एक माडिया म्हातारा नाल्यापलीकडच्या गावातून आला होता. सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून त्यानं एक दातेरी चक्र आणलं होतं, परातीएवढं, दात बोटाएवढे जाड. त्याच्या गावात ते मोहाच्या झाडाला टांगलेलं असे. हत्ती आले, आग लागली, कोणी मेलं, की त्यावर दगड मारायचा. आता ग्रामपंचायतीनं भोंगा बसवला होता, आणि तार तुटून चक्र खाली पडलं होतं.

शकुबाईनं ते मांडीवर घेतलं. हातोडीची मूठ उलटी धरून हळूच ठोकलं. आवाज निघाला आणि निघतच राहिला. तिनं पुन्हा ठोकलं. मग चष्मा खाली ओढला.

"कोलूदादा, हे कुठचं हाय?"

"झाडाचं."

"झाडावर कोणी टांगलं?"

"बापानं. बापाले जंगलात भेटलं."

आरागिरणीचं नव्हे, भात गिरणीचं नव्हे, रोडरोलरचं तर नव्हेच. यातलं सगळं तिच्या हातातून शेकड्यानं गेलेलं. हे पोलाद तिला अनोळखी होतं. तिनं ओल्या चिंधीनं मधला भाग पुसला. गंजाखाली एक खूण निघाली: एका टोकाला मिळालेल्या तीन रेघा, चिखलात उमटलेलं पाखराचं पाऊल असावं तशी.

चक्राचे पैसे तिनं दिले, पण ते ढिगावर टाकलं नाही. आत नेऊन बाजेखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते सुनिल कोडापेला दाखवलं. सुनिल जिवतीकडचा गोंड. फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून सुटला आणि आलापल्लीत गॅरेज टाकून बसला. बोलायला कमी, हाताला पक्का. त्यानं खूण पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला.

"शकुबाई, हा बाण हाय. फौजेच्या गाडीच्या नंबरपाटीवर पहिले बाण असते ना, तोच. इंग्रजाच्या काळापासून चालून राह्यला. हे फौजेचं चक्कर हाय."

"इथी कुठून येईन फौजेचं?"

"तेच तर मले समजून नाई राह्यलं," सुनिल म्हणाला. "आन फौजेच्या गाडीले साखळीचं चक्कर काऊन असन? साखळी तर सायकलले असते."

चक्र सापडलं ती जागा पाहायला पुढच्या रविवारी दोघं कोलूच्या गावी गेले. सोबत शकुबाईची मुलगी मोनाली होती. ती वनरक्षक, आणि ते जंगल तिच्याच बीटमधलं. कोलू पुढे, कुऱ्हाड खांद्यावर. पानगळ झालेली, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नाला ओलांडून जुन्या गाडीवाटेवर आले. चढ लागला तिथे कोलूनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं एका वेलीच्या गुंत्याकडे दाखवलं.

वेली बाजूला केल्या तशी आधी चाकं दिसली. ओतीव पोलादाची, जाड आऱ्यांची, त्यांच्यावर रबराचा मागमूस नाही. मग वारूळ, आणि वारुळातून वर आलेलं इंजिनाचं डोकं. आणि मग कोलूमागचे ते तिघंही एकदम थांबले. चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधून एक साग वर गेला होता. रोपटं म्हणून कधीतरी त्या चौकटीत उगवला असेल. आता त्याचा बुंधा दोघांच्या कवेत मावेल एवढा. मागची आडवी पट्टी त्यानं सालीत घेतली होती, जसा रुतलेला काटा मांस आत घेतं. तिची फक्त दोन टोकं बाहेर दिसत होती. मान वर करून पाहिलं तरी शेंडा दिसत नव्हता.

शकुबाईनं चप्पल काढली. विहारात काढते तशी काढली, हे तिला नंतर मोनालीनं सांगितलं. तिचं तिला कळलं नव्हतं.

"किती वर्षं झाली असन याले?" तिनं हळूच विचारलं.

मोनालीनं टेपनं बुंधा मोजला, मनात हिशेब केला. "शंभराच्या आसपास, आई."

सुनिलनं मोबाईलवर फोटो काढले. इंजिनावर माती खरवडली तर ओतीव आकडे निघाले. फौजेतल्या एका जुन्या ओळखीतून ते फोटो स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्याकडे पोचले, ज्याच्याकडे पहिल्या महायुद्धातल्या ट्रकांची छापील पुस्तकं होती. तीन दिवसांनी उत्तर आलं. सुनिलनं ते वाचून मराठीत सांगितलं: ही अल्बियन कंपनीची तीन टनी गाडी, बत्तीस अश्वशक्तीची, मागची चाकं दोन साखळ्यांनी फिरणारी. पहिल्या महायुद्धासाठी अशा हजारो बनल्या. लढाई संपल्यावर उरलेल्या विकून टाकल्या. ही कोणा लाकडाच्या ठेकेदारानं घेतली असावी. म्हाताऱ्यानं शेवटी लिहिलं होतं, "चौकटीत झाड असलेली मी एकही पाहिली नाही. तुम्ही ती झाडासकट तशीच ठेवली तरी मी समजू शकतो."

शकुबाईच्या डोक्यातून मात्र ती जाईना. रात्री पडल्या पडल्या ती त्या चाकांची जाडी बोटांनी मोजायची. चाळीस वर्षं तिनं लोखंड मोडायला नेलं होतं. हे मोडायचं नाही, हे उभं करायचं, असं तिनं एक दिवस जेवताना सांगून टाकलं.

"साग कापता येणार नाई," मोनाली म्हणाली. "एक फांदीही नाई. गॅस कटर नाई, ग्रायंडर नाई. ठिणगी पडली तर जंगलाचा अख्खा कंपार्टमेंट जाईन. आन मी तुही पोरगी हाव म्हणून तर आणखीनच नाई."

"म्या कुठी म्हटलं कापा म्हणून?"

"मंग काढसान कशी?"

तरी मोनालीनं रीतसर पंचनामा केला, अहवाल लिहिला, वर पाठवला. गाडी वनखात्याच्या ताब्यात राहील, झाडाला धक्का लागणार नाही आणि काम हातानं होईल, या तीन अटींवर परवानगी यायला चौदा महिने लागले. तोवर शकुबाई दर पंधरा दिवसांनी जाऊन सांध्यांना तेल पाजून यायची. सुनिल म्हणायचा, चौकट रिव्हेटांनी जोडलेली आहे, रिव्हेट काही तेलानं सुटत नाही. ती ऐकून घ्यायची आणि पाजायची.

परवानगीचा कागद आला त्या महिन्यात ती हातोडी घेऊन चेसिसच्या टोकापासून ठोकत निघाली. कुठे पोलाद धड आहे, कुठे पोकळ झालंय, हे पाहायचं होतं. पुढून मागे, एकेक वीत. सुनिल खडूनं खुणा करत होता. सागाजवळच्या डाव्या कोपऱ्यावर आली आणि तिचा हात थांबला. तिनं पुन्हा ठोकलं. मग कान लावून ठोकलं.

"सुनिलभाऊ, हे लोखंड दुसरं हाय."

"एकच पट्टी हाय ना बाई."

"नाई. आवाज वेगळा हाय. इथी जोड हाय."

गंज खरवडला. आणि खरंच, आडव्या पट्टीला लांब पट्टीशी धरणारी एक कोनी पाटी निघाली, हातानं घडलेली. हातोड्याचे घाव तिच्यावर मोजता येत होते. बाकीची गाडी गंजून पापुद्रे सुटलेली, आणि ही पाटी काळी, गुळगुळीत, तेलकट, जणू काल भट्टीतून काढली. उजव्या कोपऱ्यालाही तशीच दुसरी. या दोन कोपऱ्यांत रिव्हेट कुठेच नव्हते. त्यांच्या जागी घडीव खिळे होते, आणि खिळ्यांच्या टोकांना भोकं पाडून त्यात लोखंडी पाचरी ठोकलेल्या.

सुनिल गुडघ्यावर बसला. चोवीस वर्षांत त्यानं फौजेतली बरीच दुरुस्ती पाहिली होती. "ही कोणी केली?"

कोलू मागे उकिडवा बसून चिलीम भरत होता. "लोहारानं," तो म्हणाला, यात विचारण्यासारखं काय, अशा आवाजात. "माह्या आजानं पाह्यलं. साहेबाची गाडी चढावर मोडली. ड्रायव्हर आठ दिवस गावात राह्यला, भात खाल्ला. लोहारानं डोंगराचा दगड वितळवला, मातीच्या भट्टीत, भाता पायानं हाणून. त्याचं लोखंड केलं. मंग गाडी दोन साल चालली. मंग पावसात फसली, तं कोणी आलंच नाई."

"त्या लोहाराचं नाव?"

"नाव कोणी सांगते काय? लोहार."

शकुबाईनं त्या पाटीवर तळहात ठेवला. डोंगरातलं लोखंड, कोळशावर गाळलेलं. असं लोखंड लवकर गंजत नाही हे तिनं जुन्या बाजारात म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पण हातात कधी आलं नव्हतं. आता आलं. समुद्रापलीकडच्या कारखान्यात बनलेली गाडी, लढाईसाठी बनलेली, इथल्या चढावर मोडते, आणि ज्यानं आधी मोटार डोळ्यांनी पाहिलीही नसेल असा माणूस तिच्याकडे पाहून समजून घेतो की भार कुठे पडतो, जोर कुठे द्यायचा, आणि पुढे कोणाला सोडवायची झाली तर कशी सोडवावी. तिचे डोळे भरले ते तिनं पुसले नाहीत.

"आपण उगाच इतके दिवस हुशार समजून राह्यलो आपल्याले," ती सुनिलला म्हणाली.

पाचरी काढायला दोन दिवस लागले. तिनं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तेल पाजायचं, थांबायचं, पितळी दांडा टेकवून हळू ठोकायचं, आवाज ऐकायचा. आवाज घट्ट होता तोवर ती थांबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या पाचरीचा आवाज जरासा सैल झाला. "आली," ती म्हणाली, आणि ती आली. आठच्या आठ आल्या, एकही न मोडता. मग ओझं ओढायचा चेनब्लॉक, लाकडाचे ओंडके आणि गावातल्या चार बैलजोड्या लावून गाडी इंचाइंचानं पुढे ओढली. सागाला गोणपाट गुंडाळलं होतं. मोनाली बुंध्याला पाठ लावून उभी होती, जणू झाडच ओढून नेणार होते. आडवी पट्टी सागाच्या पोटात राहिली. ती काढायची गोष्ट कोणी काढलीच नाही.

दुरुस्तीपुरती गाडी शकुबाईच्या टिनाच्या कुंपणात आली, त्यानंतर पावणेदोन वर्षं गेली. त्यातले पहिले चार महिने फक्त सोडवण्यात. इंजिनातलं वारूळ चमच्यानं काढलं. जाम झालेले पिस्टन डिझेलात भिजत ठेवले ते दिवाळीपासून होळीपर्यंत. एक सिलिंडर चिरलेला निघाला. तो चंद्रपूरला नेऊन न तापवता धातूच्या टाक्यांनी शिवला. रेडिएटर कधीच कोणाच्या तरी घरी हंडा होऊन गेला असणार, तो नवा बनवावा लागला. साखळ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिफ्टातल्या मिळाल्या. कोलूच्या चक्राचे दात त्यांना बसतात का, हे तिनं आधी चक्र साखळीवर फिरवून ऐकलं, मग मान डोलावली. चाकांना भरीव रबर पाहिजे होतं. ते कुठे मिळेना, तेव्हा तिनंच कोळशाच्या खाणीतला जुना कन्व्हेअर पट्टा आणला, त्याचे थर गुंडाळून वाफेवर शिजवून घेतले. स्कॉटलंडचा म्हातारा दर आठवड्याला पुस्तकातली पानं पाठवायचा. सुनिल ती भिंतीवर चिकटवायचा. शकुबाई चित्रं बघायची.

गिअरबॉक्सचं झाकण उघडलं त्या सकाळी मोनालीला सुट्टी होती, म्हणून तीही होती. बाहेरून ती पेटी मातीच्या गोळ्यासारखी दिसत होती. सुनिलला वाटलं होतं, आत गंजाचा चुरा निघेल. झाकण सुटताना चिकट आवाज झाला. आत काळं, घट्ट, मधासारखं वंगण. शकुबाईनं दोन बोटं बुडवली, एका दातावरून फिरवली आणि चिंधीनं पुसली.

चांदी. दुसरा शब्द तिला सुचला नाही. गिअरचा दात असा लखलखत होता की त्यात तिला आपला चष्मा दिसला. शंभर वर्षं वर पाऊस पडला, वणवे लागले, वारुळं चढली, माणसं जन्मली आणि गेली, साग वर वर गेला. आणि त्या अंधारात हे दात एकमेकांत अडकून जसेच्या तसे बसून होते.

"आई, काय झालं?" मोनालीनं विचारलं.

"काई नाई. झाकण ठेव वरतं. धूळ जाईन."

सुनिलनं चिंधी घेऊन झाकणाची आतली बाजू पुसली, तर तिथे दोन छोटी अक्षरं निघाली, पंचनं ठोकलेली, थोडी तिरपी. कोणा कामगाराच्या नावाची असतील. शकुबाईनं ती वाचून घेतली नाही. बोट फिरवून पाहिली फक्त.

गाडी चालवायचा दिवस माघात ठरला, वनखात्याच्या लाकूड डेपोत. मागे नवी आडवी पट्टी बसवलेली होती, पण ती धरायला लोहाराच्याच पाट्या, त्याचेच खिळे, त्याच्याच पाचरी. सुनिलनं तसं म्हटलं तेव्हा शकुबाईनं आधीच त्या तेलानं पुसून ठेवल्या होत्या. मागची मालाची पेटी डेपोतल्या सागाची केली होती. रंग फौजी हिरवा.

सुनिल पुढे हँडल मारायला गेला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला, निळा धूर. चौथ्यांदा हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मुरगळलं. पाचव्यांदा डेपोत काम करणाऱ्या दोन मजुरांनी मिळून मारलं, आणि इंजिन लागलं.

तो आवाज आजकालच्या ट्रकासारखा नव्हता. सावकाश, एकेक ठोका मोजता येईल असा, मध्येच श्वास घेतल्यासारखा. डेपोतले हसणारे लोक जवळ सरकले. रचलेल्या ओंडक्यांवरची पाखरं उडाली. सुनिल चढून बसला, एका हातानं गिअर टाकला, आणि साखळ्या ताणल्या गेल्या.

"शकुबाई, या वर," तो ओरडला.

"नाई. कोलूदादाले बसवा."

कोलू मागच्या पेटीत चढला, कडेला धरून उभा राहिला. गाडी निघाली माणसाच्या चालीनं. शकुबाई बाजूनं चालत राहिली, एक हात पेटीच्या लाकडावर, मान थोडी वाकडी, डोळे जमिनीकडे. डाव्या साखळीत काहीतरी खडखडतंय का, उजवी नीट बोलतेय का, मागच्या कोपऱ्यात पाट्या करकरतायत का, हे ती ऐकत होती. काही करकरलं नाही. डेपोच्या दुसऱ्या टोकाला रेडिएटर उकळून वाफ आली तेव्हा गाडी थांबली, आणि सगळे बादल्या आणायला धावले.

आता तो ट्रक वनखात्याच्या शेडमध्ये उभा असतो. वर्षातून दोन-तीनदा चालवतात. पुण्याकडून, नागपूरकडून लोक येतात, फोटो काढतात, कोणती गाडी, कोणतं साल, विचारतात. सुनिल सांगतो. शकुबाई विचारल्याशिवाय बोलत नाही. पण कोणी मागच्या कोपऱ्याकडे वळलं, तर ती हातोडी त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "आधी इथी ठोका. आता इथी." त्यांना फरक कळतो का, हे ती त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवते. बहुतेकांना कळत नाही. मग ती स्वतः ठोकून दाखवते.

मागच्या उन्हाळ्यात ती मोनालीसोबत त्या सागापाशी पुन्हा जाऊन आली. बुंध्यात पट्टीची दोन टोकं अजून दिसतात. मोनाली म्हणाली, पंधरा-वीस वर्षांत तीही आत जातील, मग कोणाला कळायचंही नाही. शकुबाईनं टोकावर बोटानं हलकेच टिचकी मारली आणि कान लावला. लाकडानं आवाज पिऊन टाकला होता. ती बराच वेळ तशीच कान लावून उभी होती, आणि मोनालीनं तिला घाई केली नाही.